भाऊ, त्यातलं तुला किती ऐकू आलं?

भाऊ, तुला जाऊन महिना होत आला आणि मी अजून तुझ्याशी भांडतेच आहे. फळ्यावर गणित मांडता मांडता हात थांबतो आणि मनातल्या मनात तुला काहीतरी सुनावून मोकळी होते. चुलीवर भाताला आधण येतं, उतू जातं, मी तिथेच उभी असते. आता तू उत्तर देणार नाहीस हे मला कळतं. पण मागची दोन वर्षंसुद्धा तू उत्तर देत नव्हतास, आणि तेव्हा मला त्याचं कारण माहीत नव्हतं.

कारण कळलं ते तू गेल्याच्या चौथ्या दिवशी. मंदावैनी तुझं आधारकार्ड शोधत होती. कपाटातल्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद खाली पडला. मी उचलला. चंद्रपूरच्या कुठल्याशा दवाखान्याचा होता. त्यावर चौकटी आखलेल्या, आणि दोन रेघा डावीकडून उजवीकडे उतरत उतरत पार तळाला गेलेल्या.

"हे का आहे, वैनी?"

"कानाचा कागद आहे."

"कोणाच्या कानाचा?"

वैनीने माझ्याकडे पाहिलं नाही. पिशवी परत बांधत म्हणाली, "तुमच्या भावाच्या. दोन वर्षं झाले. उजवा तं गेलाच होता. डाव्यात थोडं होतं. समोर बसून, तोंड पाहून बोललं तं समजे त्यायले. मागून बोललं तं काहीच नाई."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"त्यायनंच नाई म्हटलं. म्हणे, सुमीले सांगशीन तं ती म्हणन, पाह्य, मी म्हणत नव्हती का?"

मी तसंच म्हटलं असतं, भाऊ. अगदी हेच शब्द. तू मला पुरतं ओळखून होतास.

त्या दिवसापासून मला चैन नाही. दोन वर्षांतलं तुझ्याशी झालेलं एकेक बोलणं काढते आणि आठवते, तेव्हा तू कुठे होतास? माझ्यासमोर की पाठमोरा? माझ्या तोंडाकडे बघत होतास की वायरी गुंडाळत होतास? जे सांगितलं त्यातलं तुझ्यापर्यंत काय पोचलं आणि काय अंगणातच विरून गेलं?

तू फोन घेणं बंद केलंस तेव्हा मला वाटलं, आता हा मोठा माणूस झाला. पन्नास गावांत डीजेची गाडी जाते, गडचांदूरच्या सिमेंट कारखान्याच्या कॉलनीतून लग्नाची बोलावणी येतात, बहिणीशी बोलायला वेळ कुठला. "मेसेज टाक" एवढंच लिहायचास. मी रागाने तेही टाकत नव्हते. तुझा आवाज चढला होता, घरातल्या घरात तू ओरडून बोलायचास, तेव्हाही मी म्हटलं, डीजेवाल्याचं घरही डीजेच झालं.

आणि ते शाळेजवळचं लग्न. उन्हाळी सुट्ट्यांच्या आधीचा आठवडा, चौथीची परीक्षा सुरू. शंभर पावलांवर मांडव, आणि मांडवाशेजारी तुझी पिकअप. माझ्या वर्गाचे पत्रे थरथरत होते. एका मुलीने दोन्ही कानांत बोटं घातली होती, मग लिहिणार कशाने? मी चालत आले आणि गाडीजवळ उभी राहून तुला हाका मारल्या. भाऊ. भाऊ. तू स्पीकरच्या डब्ब्यावर हाताचा पंजा टेकवून उभा होतास, डोळे मिटून. सगळ्या लग्नघरासमोर मी ओरडले, "लाज वाटते का थोडी तरी? आतमधी लेकरं पेपर लिहून राह्यले!" तू डोळे उघडलेस, मला पाहिलंस, हसलास, आणि हात वर केलास. पोरांना वाटलं मास्तरीणबाईंना डीजेवाल्याने सलाम ठोकला. पोरं हसली. मी खाली मान घालून परत गेले आणि सहा महिने तुझ्या दारात पाऊल टाकलं नाही.

आता वैनी सांगते की तू पंजाने ऐकत होतास. बारीक स्वर केव्हाच गेले होते, लाकडातून धक्का हाताला लागला की तुला ठेका कळायचा. म्हणून तू बटण वर नेत गेलास. गावं शिव्या देत होती, लोक म्हणायचे अंकुशचा डीजे म्हणजे छाती फोडतो, आणि तू आवाज वाढवतच होतास. मी समजत होते हा माज आहे.

पण मूळ भांडण कानांचं नव्हतंच. ते बाबाच्या सनईचं होतं.

आपण वाजंत्री. दहा-बारा गावांत लग्न निघालं की आपल्या घरी सांगावा यायचा. बाबा सनईवर, काका डफड्यावर, आणि तू नऊ वर्षांचा असल्यापासून सूर धरायला मागे. मी मुलगी, म्हणून घरी. त्यामुळे मला बाबाची सनई आठवते ती घरातली. दुपारी धान वाळत घातलेलं असायचं, मी चिमण्या हाकत बसायची, आणि बाबा मोहाच्या झाडाखाली सनईची पात ओली करून हळूच फुंक घालायचा. पहिला स्वर फाटका यायचा. मग तो सरळ व्हायचा. मग असं वाटायचं की झाडाखालचं ऊनच थोडं हललं. मला आजही सुंदर म्हटलं की आधी तेच आठवतं. मी शिकले, मास्तरीण झाले, वर्गात कविता शिकवते, त्याच्या बुडाशी ती दुपार आहे.

तू दुसरंच पाहिलंस. ते तू मला कितीतरी वर्षं सांगितलं नाहीस. फक्त सनईचा विषय निघाला की उठून जायचास.

मग तू मूल गावच्या राइस मिलमध्ये कामाला लागलास आणि दोन वर्षांनी दोन डब्बे आणि एक मशीन घेऊन घरी आलास. आठवतं, अंगणात पहिल्यांदा लावलंस तेव्हा शेजारच्या शेळ्या दावं तोडून पळाल्या? तू पोट धरून हसलास. बाबा ओट्यावर बसून बघत होता.

आणि मग ते लग्न, जिथे मुलीकडच्यांनी बाबाला सांगितलं होतं आणि मुलाकडच्यांनी तुला. एकाच मांडवात बाप आणि लेक. मी तेव्हा डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला, घरीच होते. बाबा दिवस कलायच्या आधीच परत आला. सनई पिशवीसकट खुंटीला अडकवली, आणि त्यानंतर कधी खाली काढली नाही. काकाने येऊन सांगितलं की नवरदेव वेशीवर आला, बाबाने सनई तोंडाला लावली, आणि तेवढ्यात तुझे डब्बे सुरू झाले. बाबाची बोटं चालत होती, गाल फुगले होते, पण काकालाही, जो हातभर अंतरावर होता, काही ऐकू आलं नाही.

मी तुला त्या दिवशी म्हटलं होतं, "तू बाबाचा गळा दाबला." तू जेवण टाकून उठलास.

हेच आपलं भांडण. वीस वर्षं तेच, फक्त कपडे बदलून. मी म्हणायची, तुझ्या आवाजाने बायकांची लग्नातली गाणी गेली. धानाची रोवणी करताना आई जी गाणी म्हणायची ती आता कुणाला येत नाहीत, बांधावर फोन ठेवून तीच ती सिनेमाची गाणी वाजतात. मी एकदा चौथीच्या वर्गाला सांगितलं, उद्या घरून एक गाणं शिकून या. दुसऱ्या दिवशी निम्म्या पोरांनी तोंडाने तुझा ठेका वाजवून दाखवला. धुम्, धुम्, धुम्. शब्दच नाहीत. मी तुला हे रडकुंडीला येऊन सांगितलं, तर तू म्हणालास, "तालात होते ना पण?"

आणि तू म्हणायचास, "सुमे, तुले गाणं पायजे, मले माणसं पायजेत. जंगलातल्या पाड्यावरच्या गोंडाच्या पोरी रेलाचं गाणं म्हणतात. थो रेला मी ठेक्यावर चढवला, मूलच्या लग्नात वाजवला. सारं लग्न नाचलं. तुह्या शाळेत किती गोंडाच्या पोरी हायेत?"

"सात."

"त्याहिचं गाणं कधी वाजलं शाळेत?"

मी विषय बदलला. तुला ते कळलं, आणि तू मला सोडून दिलंस. भांडणात तू नेहमी शेवटचा वार राखून ठेवायचास, हे मी कधी मान्य केलं नाही. आता करते.

मग तीन उन्हाळ्यांपूर्वी, आपण दोघं मार्कंड्याला बाबाच्या नावाने नदीवर गेलो होतो. वैनगंगेचं पाणी आटलेलं, आपण वाळूत बसलो होतो. तेव्हा तुझे कान शाबूत होते, निदान थोडे तरी. मी पुन्हा बाबाचं काढलं. आणि तू पहिल्यांदा सांगितलंस.

"तुले सनई ऐकू आली, सुमे. मले थे जेवण दिसते. आमाले मांडवात बसवत नव्हते. मागे, बैल बांधत तिथी. लोकं जेवून उठले का मंग पत्रावळी टाकत, अन् वरून वाढत. हात लागू नाई म्हणून. बाबा मान खाली घालून जेवे. अन् दहा मिनिटांनी त्याच लोकायसाठी वाजवे. मी सूर धरून त्याच्या मागे. मले त्या सनईचा वास येते अजून. शेणाचा वास."

तू पुढे म्हणालास, "अन् त्या दिवशी, तू म्हणतेस ना मी गळा दाबला, त्या दिवशी बाबा पंगतीत बसून जेवला. मुलाच्या मामानं खुर्ची देल्ली. डीजेवाल्याचे बाबा हायेत म्हणे, बसवा समोर. डब्ब्याले कोणी जात विचारत नाई."

मी काय म्हणाले आठवतं? म्हणाले, "तू तुह्या सोयीचं सांगून राह्यला." तू वाळू झटकत उठलास.

मला ते पटलं नव्हतं, आणि ते डोक्यातून जातही नव्हतं. अडीच वर्षं घोळवलं. शेवटी मागच्या दिवाळीनंतर मी एकटी त्या लग्नाच्या गावी गेले. मुलीचा बाप अजून आहे, खाटेवर असतो, पण बोलणं साफ. मी सांगितलं मी कोणाची मुलगी. मग म्हाताऱ्याला विचारलं, त्या दिवशी बाबा पंगतीत बसला होता का.

"होय. बसला होता तुहा बाप पंगतीत. नवरदेवाच्या मामानं बसवला. मले तवा राग आला होता, खोटं काऊन बोलू. सनईवाला म्हणून मी बसवला नसता, बाई. डीजेवाल्याचा बाप म्हणून बसला."

"जेवले का ते?"

"जेवला ना. दोनदा बुंदी घेतली."

परत येताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले. दोनदा बुंदी घेतली. बाबाने हे मला कधी सांगितलं नाही. मग त्याने सनई आनंदाने खुंटीला टांगली का? तेही मी म्हणणार नाही, भाऊ. कारण शेवटच्या आजारात अंथरुणावर पडल्या पडल्या त्याची बोटं गोधडीवर चालायची, ते मी पाहिलं आहे आणि तूही पाहिलंस. एका माणसाला जेवताना वाटलेलं सुख आणि स्वर गेल्याचं दुःख एकाच दिवशी होऊ शकतं. आपण दोघांनी अर्धा अर्धा बाबा वाटून घेतला आणि आपापला अर्धा पुरा आहे म्हणून भांडत राहिलो.

बसमधून उतरून मी थेट तुझ्याकडे आले. सहा महिन्यांनी. तू अंगणात खाली बसून वायरी सोडवत होतास, पाठ माझ्याकडे. मला वाटलं समोर गेले तर बोलता येणार नाही. म्हणून मागेच उभी राहिले. म्हटलं, "भाऊ, मी त्या गावी जाऊन आली. तू खरं सांगत होता. बाबाच्या जेवणाचं मले माहीत नव्हतं. मी चुकली." जेवढं पाठ करून आले होते तेवढं सगळं म्हटलं.

तू वायर सोडवत राहिलास. मान वळवली नाहीस.

मी थोडा वेळ उभी राहिले. मग वाटलं, ठीक आहे, याला माफ करायचं नाही. फाटक लावून निघाले. तेवढ्यात तुला मी दिसले असेन, कारण मागून तुझी मोठ्याने हाक आली, "अवं सुमे, कवा आलीस? चाय घेऊन जाय!" मला वाटलं टोमणा मारतोस. मी वळले नाही.

त्यानंतर तू चार महिने जगलास आणि मी आले नाही. एका दुपारी तू जेवून आडवा झालास तो उठलाच नाहीस. डॉक्टर म्हणाले हृदय. मी पोचले तेव्हा लोक जमले होते, आणि मला तुझ्याशी जे बोलायचं होतं ते मी तुझ्या तोंडाकडे बघून बोलले. उशीर झाला होता.

आता दिपालीचं ऐक.

तुझी पोर तुझ्यावर गेली आहे हे तुला माहीत आहेच. आयटीआय केलं, तुझ्या गाडीची सगळी वायरिंग तिच्या हातची. तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, "बाबांनी नलेश्वरकडच्या लग्नाले हो म्हटलं होतं. मी गाडी नेतो."

वैनीने कपाळाला हात लावला. मीही नको म्हटलं. दिपाली म्हणाली, "आत्या, बाबांनी जबान देल्ली होती. अन् मले हे काम येते. दुसरं का करू, सांगा."

वैनी एकदम उठली. "जायचं तं पयले कान दाखव. थो कागद मी पुन्हा घरात येऊ देणार नाई."

म्हणून मी तिला चंद्रपूरला नेलं. काचेच्या खोलीत तिला बसवलं, कानाला पट्टा लावला, आणि सांगितलं, आवाज आला की बोट वर कर. मी बाहेरून बघत होते. मला काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त तिचं बोट दिसत होतं. ते वर गेलं की मी श्वास सोडायची. बराच वेळ गेलं नाही तर पुन्हा धरायची. डॉक्टर म्हणाले, डाव्या कानात थोडी सुरुवात आहे, बाकी चांगले आहेत. कानात घालायचे बोळे दिले, आवाज कुठवर न्यायचा ते सांगितलं. दिपालीने मुकाट्याने वहीत लिहून घेतलं.

लग्नाला मी तिच्यासोबत गेले. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या गाडीत बसले, भाऊ. दुपारची वरात. तिने पहिलं गाणं लावलं आणि मला कळलं की मी इतकी वर्षं हे फक्त लांबून ऐकलं होतं. जवळ उभं राहिलं की ते कानाने ऐकायचं नसतंच. ते छातीत शिरतं, आणि माणूस ठरवायच्या आत गुडघा हलतो. डोक्यावर पदर घेतलेल्या बायका आधी भिंतीला टेकून होत्या. तिसऱ्या गाण्याला त्या मधोमध होत्या. माझ्याएवढी एक बाई, हातावर मासे धरणाऱ्या ढिवरांच्या जाळ्याचे वळ, मला ओढून म्हणाली, "या ना बाई, उभ्या काऊन?" मी गेले. पाय हलवले. तुला सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं.

आणि त्याच वेळी मांडवाच्या कडेला एक बाळंतीण तान्ह्या पोराचे कान झाकून बसली होती. तेही मी पाहिलं.

मग पोरं गाडीजवळ आली. "वाढव, वाढव!" दिपालीने मान हलवली. एकजण चढून मिक्सरला हात घालायला लागला. "तुहा बाप असा वाजवत नव्हता! थो असता तं पत्रे उडवले असते!"

दिपालीने गाणं बंद केलं. एकदम अशी शांतता झाली की माझ्या कानात शिट्टी वाजत राहिली. तिने माइक घेतला. मला वाटलं रडेल. रडली नाही.

"माह्या बाबाचे कान याच डब्ब्यानं गेले," ती म्हणाली. "दोन वर्षं बहिरे होते ते. कोणाले सांगितलं नाई. तुमाले आवाज पायजे होता म्हणून नाई, त्याहिलेच ऐकू येत नव्हतं म्हणून वाढवत होते. आता मी वाजवतो. इतकाच वाजन. यावर नाचत असान तं नाचा, नाई तं मी गाडी भरतो."

तू जे घरात लपवलंस ते तिने भर मांडवात सांगून टाकलं. मी घाबरले. मग नवरदेवाचा बाप पुढे आला, फेटा सावरत म्हणाला, "अंकुशभाऊ बहिरे होते? मी त्याहिले मागून हाका मारून मारून शिव्या देल्ल्या होत्या." मग दिपालीकडे वळून म्हणाला, "वाजव, पोरी."

काही पोरं तोंड वाकडं करून निघून गेली. बाकीचे नाचले. पुढच्या आठवड्यातलं एक लग्न रद्द झालं, कारण हिचा डीजे मिळमिळीत आहे असं गावात पसरलं. हे गोड करून सांगत नाही.

परतताना गाडी दिपाली चालवत होती. दोन्ही बाजूंना जंगल, पळस झडून गेलेला. मी म्हणाले, "चांगलं बोललीस. आता हळूहळू हे बंदच कर. बाबाची, म्हणजे तुह्या आज्याची सनई आहे घरी. ती शिक कोणाकडून तरी."

तिने गाडीचा वेग कमी केला. "आत्या, तुमचं सगळंच बरोबर नाई. सनई शिकायची तं मी शिकन, पण डीजे बंद करणार नाई. आज त्या मांडवात बाया नाचल्या. सनईवर नाचत होत्या का?"

"नाचत नव्हत्या. गात होत्या."

"कोणाच्या बाया गात होत्या? मांडवातल्या का मागे बैलाजवळच्या?"

मी उत्तर दिलं. तिने त्याला उत्तर दिलं. मी आवाज चढवला, तिने चढवला नाही. मूल गाव येईपर्यंत आम्ही भांडत होतो, भाऊ, आणि खिडकीतून वारा इतका येत होता की अर्धे शब्द उडून जायला हवे होते. तिने माझं एकही वाक्य सोडलं नाही.